डावा पाय आधी

टेगनने पँट गुडघ्याच्या वर दुमडली, पाय स्टुलावर ठेवला आणि ओडेगार्ड आजोबांना म्हणाली, "हे बघा."

गुडघ्याच्या मधोमध बोटभर लांबीचा पांढुरका व्रण होता. आजोबांनी वाकून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यात चार आठवड्यांपूर्वी धातूचा सांधा बसवला होता आणि सकाळपासून तो कालच्यापेक्षा एक अंशही जास्त वाकवायला त्यांनी साफ नकार दिला होता. चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढलेला माणूस, हट्टाला पेटला की पेटला. आता मात्र त्या व्रणावरून त्यांची नजर हलेना. कुठे पडलीस, कोणी शिवलं, किती दिवस रडलीस, सगळं त्यांनी विचारून घेतलं. टेगनने आधी तीन दिवस सांगितले, मग आवाज खाली आणून चार म्हणाली. आजोबा खुदकन हसले आणि हसता हसता त्यांनी आपली टाच बाकाखाली चांगली वीतभर मागे ओढली.

कोपऱ्यात मारिट सोल्हाइम हात पाठीमागे बांधून उभी होती. शिकायला आलेल्या पोरींनी रुग्णाला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं, हा क्लिनिकचा नियम होता आणि तिने तो अडीचशे तासांत एकदाही मोडला नव्हता. टेगननेही आत्ता मोडला नव्हता. स्वतःचा पाय स्टुलावर ठेवू नये, असा नियम कोणी केलेलाच नव्हता. तो असायला हवा होता, असं मारिटला त्या क्षणी फार मनापासून वाटलं.

दोघी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होत्या. कॉलेज संपल्यावर दोघींना फिजिओथेरपीच्या पदवीला जायचं होतं, तेही राज्याच्या विद्यापीठातच, जिथे चाळीस जागांसाठी आठशे अर्ज येतात. गुण लागतात, प्रवेशपरीक्षा लागते, एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या शेजारी उभं राहून काढलेले किमान शंभर तास लागतात, आणि त्या फिजिओथेरपिस्टचं शिफारसपत्र लागतं. मारिटचे तास दोनशे साठ होते, टेगनचे एकशे बारा. शरीररचनेत मारिट वर्गात पहिली होती. टेगन भौतिकशास्त्रात कशीबशी तरली होती, आणि तीसुद्धा मारिटने दोन रविवार बसवून शिकवलं म्हणून.

पण कुबियाकबाई वर्षाला एकच पत्र लिहीत. गावातल्या या एकुलत्या एका क्लिनिकच्या त्या मालकीण. एकतीस वर्षं त्या माणसांना पुन्हा चालायला लावत होत्या. एका वर्षी दोन पत्रं पाठवली की विद्यापीठातले लोक दोन्ही बाजूला ठेवतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते कोणी खोडून काढू शकलं नव्हतं. अर्जाची मुदत एक ऑक्टोबरची. आज सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार. दुसऱ्या कुठल्या गावी जाऊन नवे तास काढायचे आणि नवं पत्र मिळवायचं म्हटलं, तर वर्ष गेलंच. दोघींपैकी एकीचं वर्ष जाणार होतं आणि कोणाचं ते बाई आज संध्याकाळी सांगणार होत्या.

"बघ, वाकला की नाही," टेगन तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाली. खुश होती. तिला वाटत होतं, मारिटही खुश असेल.

मारिट हसली. आतून मात्र ती जळत होती.

खरं सांगायचं तर ही आग आजची नव्हती. प्रवेशअर्जात एक निबंध लिहावा लागतो, तुम्हाला फिजिओथेरपिस्ट का व्हायचंय म्हणून. आणि दरवर्षी शंभरातली नव्वद पोरं तिथे आपापली मोडतोड लिहितात. कोणाचा खांदा निखळलेला असतो, कोणाचा घोटा. मग एक देवदूतासारखा फिजिओथेरपिस्ट भेटतो, पोर पुन्हा उभं राहतं आणि तिथेच त्याला आयुष्याची वाट सापडते. टेगनकडे तर त्यातलीही राजेशाही मोडतोड होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी, राज्य पातळीवरच्या व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात, हजार माणसांच्या देखत तिच्या डाव्या गुडघ्यातला, हाडांना धरून ठेवणारा बंध तुटला होता. तुटल्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला होता म्हणे.

मारिटचं काही म्हणता काही मोडलं नव्हतं. दुभत्या गाई असलेल्या घरात ती वाढली, सातव्या वर्षी गवताच्या माळ्यावरून खाली पडली आणि उठून जेवायला गेली. आईबापाचे सांधे ठणठणीत. आजी नव्वदीत नाचायची. लोक देवाकडे धड हाडं मागतात, आणि या पोरीला आपल्या धड हाडांचा राग यायचा. निबंधाचे अकरा खर्डे तिने केले होते आणि अकराही खर्डे एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकासारखे वाटत होते. रात्री अंघोळ करून टेगन पाय पुसत बसली की मारिटची नजर त्या व्रणावर जायची. हा मला का नाही, असं तिला अगदी या शब्दांत वाटायचं. लाजही वाटायची, पण लाज वाटली म्हणून हेवा थोडाच कमी होतो.

गेल्या आठवड्यात टेगनने आपला निबंध तिच्यासमोर टाकला होता. स्वल्पविराम तेवढे बघ गं, म्हणाली. दोघी एका घरात राहत, तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या जुन्या इमारतीत. मारिटने स्वल्पविराम पाहिले. शेवटच्या परिच्छेदात वाक्य होतं: आज माझा गुडघा पूर्ण बरा आहे आणि मी रोज सकाळी पाच मैल धावते.

त्या वाक्यावर मारिटची पेन्सिल थांबली होती. मग तिने "पाच मैल"च्या पुढे एक स्वल्पविराम घातला, गरज नसताना, आणि कागद परत दिला.

कारण टेगन धावत नव्हती. एप्रिलपासून नव्हती. एप्रिलमध्ये कॉलेजच्या मैदानावर फ्रिस्बीच्या खेळात ती वळता वळता खाली बसली होती, लगेच उठलीही होती, आणि काही नाही गं म्हणाली होती. त्यानंतर पहाटे धावायचे बूट घालून ती बाहेर जायची खरी, पण नदीकाठच्या बाकावर बसून यायची. हे मारिटला माहीत होतं, कारण ती एकदा मागोमाग गेली होती. टेगनमध्ये असं काय आहे, की माणसं तिच्यापुढे पाघळतात, हे शोधायला मारिट दोन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होती. ती बसते कशी, हसते कशी, दार कसं उघडते. ते गुपित काही हाती लागलं नाही. हाती लागला तो गुडघा.

आणि तो हाती लागला तेव्हा, सांगायला नको, पण मारिटच्या मनात उकळ्या फुटल्या होत्या.

साडेचारला ओडेगार्ड आजोबा काठी टेकत गेले. जाताना त्यांनी टेगनला पुढच्या वेळी घरच्या चीजचा तुकडा आणायचं कबूल केलं. मारिटला त्यांनी मान हलवून निरोप दिला, नाव आठवलं नाही. कुबियाकबाईंनी आधी टेगनला आत बोलावलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, ओठ दाबून, डोळे चमकत. मी गाडीपाशी थांबते, एवढंच म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी दोघी नदीपलीकडच्या हॉटेलात तळलेले मासे खायला जात.

मारिट आत गेली. बाई चष्मा कपाळावर सरकवून फाईल लिहीत होत्या. दर शुक्रवारी त्या एकच प्रश्न विचारत, तोच विचारला. आज काय पाहिलंस?

मारिट तयारच होती. ओडेगार्ड आजोबांचा गुडघा सकाळी अठ्ठ्याऐंशी अंश वाकला, दुपारी त्र्याण्णव. सूज अर्ध्या सेंटिमीटरने कमी. मांडीचा पुढचा स्नायू अजून कमजोर. एकही आकडा चुकला नव्हता. बाईंनी ऐकून घेतलं आणि लेखणी खाली ठेवली.

"हे सगळं मला फाईलमध्ये मिळतं गं," त्या म्हणाल्या. "आकडे तुझे नेहमीच बरोबर असतात. पण अडीचशे तासांत तू मला माणूस असा एकही सांगितला नाहीस."

मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. पत्र टेगनला जाणार. मारिटने वाईट वाटून घेऊ नये, गुण चांगले आहेत, एक वर्ष मोठ्या इस्पितळात काम करावं आणि पुढच्या साली अर्ज करावा, फार तर एक वर्ष. बाई कठोर नव्हत्या. बोलताना त्यांनी बिस्किटांचा डबाही पुढे केला.

मारिटने डब्याकडे पाहिलं. उठून जावं, असं तिने ठरवलंही.

"टेगन धावत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"निबंधात लिहिलंय रोज पाच मैल धावते म्हणून. नाही धावत. तिला जिना उतरता येत नाही धड."

एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता थांबेना. जिना उतरताना टेगन डावा पाय आधी टाकते, मग उजवा त्याच पायरीवर आणून ठेवते, लहान पोरासारखी एकेक पायरी. हात कठड्यावर असतो आणि कठडा नुसता धरलेला नसतो, त्यावर वजन असतं. इथे क्लिनिकमध्ये सगळी जमीन सपाट, म्हणून कळत नाही. इथेसुद्धा ती डावीकडे वळायचं असेल तर वळत नाही, उजवीकडून फिरून जाते. तिच्या डाव्या बुटाची टाच उजव्यापेक्षा नवी दिसते, दोन्ही बूट एका दिवशी घेतलेले असून. किराण्याची पिशवी नेहमी उजव्या हातात. खालच्या कपाटातलं भांडं काढायचं असेल तर उजवा गुडघा टेकते, डावा लांब बाहेर. आज स्टुलावर पाय ठेवला तोही हाताने उचलून ठेवला, पँट दुमडायच्या निमित्ताने. एप्रिलमध्ये ती मैदानावर पडली तेव्हापासून हे चाललंय. मे महिन्यात पंधरा दिवसांतून एकदा गुडघा दगा द्यायचा. आता आठवड्यातून दोनदा तरी. दगा दिला की ती हसते आणि काहीतरी विनोद करते, म्हणून लोक गुडघ्याकडे बघत नाहीत.

ती बोलायची थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता. मधल्या मधे कधीतरी त्यांनी एक कोरा कागद ओढून त्यावर लिहायला सुरुवात केली होती आणि अर्धा कागद भरला होता.

"सोळा आठवडे ती पोर माझ्या डोळ्यांसमोर चालतेय," बाई सावकाश म्हणाल्या. "मला नाही दिसलं."

मारिटच्या आत काहीतरी उभं राहू पाहत होतं, आनंदच तो, आणि तिने त्याला उभं राहू दिलं.

"नजर आहे तुला," बाई म्हणाल्या. "शिकवून येत नाही ही. मी उगाच तुला आकड्यांत मोजत बसले. टेगनला मी आत्ताच शब्द दिलाय, पण या गुडघ्यावर ती यंदा कुठे जाऊ शकणार नाही. आधी तो उघडून बघावा लागेल. पत्र तुझं."

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी टेगन आणि मारिट यांच्यातून मारिटला निवडलं होतं. तिला वाटलं, आपण रडणार बहुतेक. तिने बिस्कीट उचललं.

"तिला काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"कोणाला?"

"टेगनला. एप्रिलपासून बघतेयस. आता सप्टेंबर आहे. तिला काय म्हणालीस?"

बिस्कीट मारिटच्या हातातच राहिलं. सांगणारच होते, असं म्हणावंसं तिला वाटलं. पण बाई कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहत होत्या, तेव्हा तिने बिस्कीट परत डब्यात ठेवलं.

"फाटलेला बंध घेऊन माणूस पाच महिने चालला की सांध्यातल्या गादीचं काय होतं?" बाईंचा आवाज चढला नव्हता. शुक्रवारचा प्रश्न विचारावा तसाच होता.

मारिटला उत्तर येत होतं. गेल्या सत्राच्या परीक्षेत तो प्रश्न होता आणि तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते. पहिल्या महिन्यात शिवून भागतं. पाचव्या महिन्यात शिवण्याजोगं फारसं उरत नाही.

"झिजते," ती म्हणाली.

"हं."

बाईंनी अर्धा भरलेला कागद घडी करून फाईलीत ठेवला. पत्र लिहीन म्हटलंय ते लिहीन, त्या म्हणाल्या. शब्द फिरवणार नाही, आज एकदा फिरवला तेवढा पुरे. सोमवारी मारिटने अर्जात त्यांचं नाव घालावं. पत्र आपण वाचणार नाही अशी खूण अर्जात करायची असते, तीही करावी. मात्र आज जे ऐकलं ते सगळं त्या लिहिणार होत्या. काय पाहिलं ते, आणि कधीपासून पाहिलं तेही. ज्यांना निवड करायची आहे त्यांनी वाचून काय ते ठरवावं.

"आणि टेगनला सोमवारी मी इथे टेबलावर झोपवून तपासणार आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी कोणी तिला सांगितलं तर बरं."

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. टेगन आपल्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर बसली होती. दिवसभर उभं राहून दमली की ती अशी बसायची, डावा पाय सरळ सोडून. मारिटला पाहून तिने हात केला, मग तिचा चेहरा पाहून हात खाली घेतला. आपल्याला पत्र मिळालं म्हणून ही हिरमुसली आहे, असंच तिला वाटलं असणार.

"मारिट, अगं, मी बाईंना म्हटलं होतं की तुझे तास..."

"पाय दाखव," मारिट म्हणाली.

"काय?"

"डावा. सैल सोड."

ती गाडीसमोर खडीवर गुडघे टेकून बसली. टेगनने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग पँट वर केली. मारिटने दोन्ही तळहात गुडघ्यावर ठेवले. व्रणाच्या दोन्ही बाजूंना सूज होती, दाबली की हाताखाली सरकत होती. आतल्या बाजूला अंगठा लागताच टेगनने श्वास आत ओढला. मारिटने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा दुखरा सांधा हातात धरला होता, आणि तो कसा आहे हे तिला पुस्तकाशिवाय कळत होतं.

"बंध पुन्हा गेलाय," ती म्हणाली. "गादीही फाटली असणार. सोमवारी बाई तपासणार आहेत. मी सांगितलं त्यांना."

पत्राचं ती काही बोलली नाही. टेगननेही विचारलं नाही. ती नदीच्या दिशेला बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. निबंध, पत्र, हे वर्ष, सगळं तिनेही मनात मोजून पाहिलं असणार.

"तुझ्या कधी लक्षात आलं?" तिने विचारलं.

मारिटने मान वर केली नाही. खडी गुडघ्यांना टोचत होती.

"आज," ती म्हणाली. "आजोबांना दाखवत होतीस ना, तेव्हा."

"आज होय." टेगनने नाक पुसलं. "आणि मी वेडी. मला वाटायचं तुला कधीचं दिसतंय. जिन्यात तू मागे असलीस ना, की मी लपवायचेच नाही गं. बाकी सगळीकडे लपवायचे. म्हटलं, हिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, ही एक दिवस विचारेल, मग जाऊ डॉक्टरकडे. रोज वाटायचं, आज विचारेल. तू काही बोलली नाहीस, मग म्हटलं, मारिटला दिसत नाही म्हणजे नसणारच काही. आपल्याच मनाचे खेळ."

मारिटचे हात अजून तिच्या गुडघ्यावरच होते. गुडघा गरम लागत होता.

"बरं झालं, आज तरी दिसलं तुला," टेगन म्हणाली. मग तिने मारिटच्या खांद्यावर हात ठेवला, त्यावर आपलं सगळं वजन दिलं आणि उठून उभी राहिली.